ललिताबाईंचा डोळा आणि आमची दृष्टि

एखाद्या समाजाची न्यायबुद्धि पारखावयाची असेल, तर त्याच्या न्यायालयांत जाण्याऐवजीं त्याच्या बोलण्यांत रूढ झालेलीं टोपणनांवें ऐकावींत. न्यायालयांत निदान दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेण्याची चाल आहे. टोपणनांव हा एकतर्फी निकाल असतो, आणि त्यावर अपील चालत नाहीं. आमच्या देवळाली प्रवरा येथें (नाशिकजवळची छावणीची देवळाली ती निराळी, ही राहुरी तालुक्यांतली, प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकविणारी) एखाद्या घरच्या सासूचा स्वभाव तिखट आहे एवढें सांगावयाचें असलें म्हणजे 'ती नुसती ललिता पवार आहे' असें म्हणतात, आणि ऐकणाऱ्यास सर्व कांहीं समजतें. हें केवळ देवळालीचें नव्हे. मराठी मुलखांत जेथें जेथें सिनेमाचा तंबू उतरला, किंवा पुढें दूरदर्शनचा संच घरांत आला, तेथें तेथें हें नांव चालू नाण्यासारखें फिरत आलेलें आहे.

परंतु ही ललिता पवार कोण, कोठली, तिनें जन्मभर काय केलें, असें पुढें विचारलें कीं उत्तर दोन वाक्यांत आटोपतें. पहिलें वाक्य: ती पूर्वीं नायिका होती. दुसरें वाक्य: चित्रण चाललें असतां थप्पड बसून तिचा डोळा अधू झाला, आणि त्या डोळ्यामुळें ती दुष्ट सासू म्हणून गाजली. सिनेमाविषयक लेखनहि ह्याहून फारसें पुढें जात नाहीं; तें ह्या दोन वाक्यांना थोडी हळहळ आणि थोडें तत्त्वज्ञान जोडतें, इतकेंच. आमच्या गांवाहून नगर-मनमाड रस्त्याला लागून राहाता, शिर्डी, कोपरगांव मागें टाकलें कीं येवलें येतें. त्या येवल्यांत १८ एप्रिल १९१६ रोजीं बाईंचा जन्म झाला. म्हणजे त्या आमच्या शेजारच्या. येवल्याची पैठणी हातांत घेतांना ती विणावयास किती दिवस लागले, ह्याची चौकशी आम्ही आवर्जून करतों; त्याच गांवच्या एका कलावतीच्या साठांहून अधिक वर्षांच्या कामाचा हिशेब मात्र एका थपडींत मिटवून टाकतों. ह्या हिशेबाविरुद्ध आमची तक्रार आहे, आणि ती सौम्य शब्दांत मांडण्याची आमची इच्छा नाहीं.

प्रथम पहिलें वाक्य घेऊं. 'पूर्वीं नायिका होती' ह्या तीन शब्दांखालीं १४ वर्षें गाडलेलीं आहेत. सगुण घराण्यांतील अंबू नांवाची ही मुलगी १९२८ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' ह्या मूकपटांत बालनटी म्हणून आली. तो काळ कसा होता, हें आठवावें. १९१३ सालीं दादासाहेब फाळके ह्यांनीं त्याच राजाची कथा पडद्यावर आणली, तेव्हां तारामतीच्या कामासाठीं एकहि स्त्री मिळाली नाहीं. अण्णा साळुंके ह्यांना लुगडें नेसवून तारामती करावी लागली. त्याच वर्षीं 'मोहिनी भस्मासुर' ह्या पटांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई ह्यांनीं काम केलें, तें अपवाद म्हणूनच. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा'मध्यें दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, तेव्हां कुलीन घरची शिकलेली स्त्री सिनेमांत गेली म्हणून केवढा गहजब झाला! अशा काळांत येवल्याच्या एका व्यापारी घरची मुलगी दुर्गाबाई खोटे ह्यांच्याहि आधीं कॅमेऱ्यापुढें उभी राहते. नुसती उभी राहत नाहीं. १९३२ च्या 'कैलास' ह्या मूकपटाच्या निर्मितींत ती भागीदार होते, १९३५ च्या 'हिम्मते मर्दा'मध्यें स्वतःच्या गळ्यानें गाते, आणि १९३७ सालीं 'दुनिया क्या है' ह्या बोलपटाची निर्मिति करते. १९४१ सालीं मास्टर विनायकांनीं वि. स. खांडेकरांच्या कथेवरून 'अमृत' काढला, त्यांतहि तिचें काम आहे. पंचविशीच्या आंत अभिनय, गायन आणि निर्मिति हे तिन्ही उद्योग ज्यानें सांभाळले, अशा पुरुषास आम्हीं एखादी संस्कृत पदवी बहाल केली असती आणि त्याची जयंती सुरू केली असती. बाईनें केलें, म्हणून तें 'पूर्वीं नायिका होती' एवढ्यावर भागलें.

ह्या विस्मृतीचें एक कारण बाह्य आहे, तें मान्य केलें पाहिजे. मूकपटांच्या फिती ज्वालाग्राही द्रव्याच्या असत. त्या जळाल्या, कुजल्या, कांहीं तर आंतली चांदी काढण्यासाठीं वितळविल्या गेल्या. भारतांत निघालेल्या मूकपटांपैकीं बहुतेक सर्व आज नष्ट झालेले आहेत. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं, म्हणजे बाईंच्या 'राजा हरिश्चंद्रा'नंतर ३६ वर्षांनीं; तोंवर जें जावयाचें तें गेलें होतें. म्हणून आजचा प्रेक्षक बाईंना प्रथम पाहतो तो प्रौढ वयांत, डोक्यावर पदर आणि कपाळाला आंठी अशा रूपांत. पण पुरावा नाहींसा झाला म्हणून घटना नाहींशी होत नाहीं. ज्ञानेश्वरांच्या हातचा कागद आम्हांपैकीं कोणीं पाहिला आहे? तरी ज्ञानेश्वरी कोणीं लिहिली, ह्याविषयीं आम्ही संशय घेत नाहीं. आदर असला म्हणजे स्मृति टिकविण्याचे मार्ग सांपडतात. येथें फिती नष्ट झाल्या त्या पेटींत. आदर नष्ट झाला तो आमच्या मनांत, आणि त्याला आगीची गरज लागली नाहीं.

आतां दुसरें वाक्य. १९४२ सालीं 'जंग-ए-आझादी' ह्या चित्रपटाचें चित्रण चालू होतें. प्रसंगांत बाईंना थप्पड मारावयाची होती. ती मारणारे नट भगवान. हात नको तितक्या जोरानें बसला. बाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्यांतील शीर फुटली, औषधोपचार दीर्घकाळ चालले, आणि डोळ्यांत जन्माचें व्यंग राहिलें. त्या वेळीं त्यांचें वय २६. इतकी ही घटना. आतां ती सांगतांना आमचे लेखक कोणते शब्द योजतात, तें पाहावें: नियतीचा खेळ, दैवाचा फटका, इष्टापत्ति, वरदान! एका स्त्रीचा चेहरा काम करतांना मोडला, आणि पाहणारे म्हणतात, बरें झालें, एरव्हीं आम्हांला अशी सासू कोठून मिळाली असती? गिरणींत साच्यावर उभ्या असलेल्या बाईचीं बोटें पट्ट्यांत सांपडून तुटलीं, तर तिच्या उशाशीं बसून 'इष्टापत्ति झाली, आतां तुला भजनास वेळ मिळेल' असें म्हणण्याचें धैर्य ह्या लेखकांना होईल काय? नटीच्या उशाशीं मात्र तें गेलीं कित्येक दशकें होत आलेलें आहे.

आम्ही ह्या घटनेस तिचें खरें नांव देऊं इच्छितों. तें नांव 'कामावरील अपघात' असें आहे. कामगारास कामावर दुखापत झाली असतां मालकानें नुकसानभरपाई द्यावी, ह्या तत्त्वाचा कायदा ह्या देशांत १९२३ सालीं झाला; म्हणजे त्या थपडीच्या १९ वर्षें आधीं. तेव्हां अपघात म्हणजे काय आणि जबाबदारी म्हणजे काय, ह्या कल्पना त्या काळीं अज्ञात होत्या, असें नव्हे. अज्ञात होती ती एकच गोष्ट. ती ही कीं, नटी ही पोटासाठीं काम करणारी बाई आहे. समाजाच्या लेखीं ती एक तर स्वर्गांतली अप्सरा असावयाची, नाहीं तर रस्त्यावरची कुलटा. अप्सरेला भूक नसते आणि कुलटेला अब्रू नसते, म्हणून भरपाई दोघींनाहि नसते. चित्रपटधंद्यांतील कामगारांच्या नोकरीचें नियमन करणारा आणि त्यांच्या कल्याणनिधीची तरतूद करणारा, असे कायदे संसदेनें केले ते १९८१ सालीं. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटापासून मोजलें, तर ह्याला ६८ वर्षें लागलीं. ह्या ६८ वर्षांत पडद्यावरच्या खोट्या गोष्टीसाठीं किती जणांनीं आणि जणींनीं खरा मार खाल्ला, किती जणीं घोड्यावरून पडल्या, किती जणींचीं वस्त्रें दिव्यांच्या धगीनें पेटलीं, ह्याचा हिशेब आतां कोण देणार?

येथें भगवान ह्यांना पिंजऱ्यांत उभें करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. त्यांनीं पुढें १९५१ सालीं 'अलबेला' काढून उभ्या देशाला नाचावयास लावलें. त्यांच्या अंगीं दुष्टावा होता, असें कोणीहि म्हणत नाहीं. प्रश्न हाताचा नाहीं, व्यवस्थेचा आहे. ज्या धंद्यांत जोराची थप्पड ही कलेची निष्ठा समजली जाते आणि ती जपून मारणें हा भित्रेपणा समजला जातो, त्या धंद्यांत कोणाचा तरी डोळा जाणार, हें आधींच ठरलेलें असतें. कोणाचा, एवढेंच काय तें दैवाकडे सोपविलेलें असतें. कोणी म्हणेल, बाई स्वतः त्या प्रसंगाचें रडगाणें गात बसल्या नाहींत. त्या कामास लागल्या. मग तुम्ही कां कण्हतां? ह्याचें उत्तर सोपें आहे. सोसणें आणि क्षमा करणें हा जखमी माणसाचा अधिकार आहे. ती क्षमा आपल्या सोयीसाठीं वापरणें हा बघ्यांचा अधिकार नव्हे.

आणि जी बाई गप्प बसली नाहीं, तिचें तरी आम्हीं काय केलें? शांता आपटे ह्या १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटानें घरोघर पोहोंचल्या. फसवून म्हाताऱ्याशीं लावलेलें लग्न लग्न म्हणून मान्य न करणारी नीरा त्यांनीं अशी उभी केली कीं, सुधारकांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. पुढें दोनच वर्षांनीं, १९३९ सालीं, ह्याच शांताबाई स्टुडिओशीं झालेल्या वादांत पुण्यांत प्रभातच्या फाटकाशीं उपोषणास बसल्या. पडद्यावरच्या नीरेचा हट्ट बाणेदार ठरला. फाटकावरच्या शांताबाईंचा हट्ट तऱ्हेवाईक ठरला, आणि आजहि तो प्रसंग बहुधा एका तापट नटीचा मौजेचा किस्सा म्हणूनच सांगितला जातो. १९४० सालीं त्यांनीं 'जाऊं मी सिनेमांत?' हें पुस्तक लिहिलें. नटीनें आपल्या धंद्याविषयीं स्वतःच्या लेखणीनें मराठींत लिहावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. पुस्तकाच्या नांवांतच प्रश्न होता. त्याचें उत्तर समाजानें द्यावयाचें होतें. तें अद्याप आलेलें नाहीं.

हंसा वाडकर ह्यांचें 'सांगत्ये ऐका' हें आत्मकथन १९७० सालीं पुस्तकरूपानें निघालें, आणि १९७७ सालीं त्याच्या आधारें 'भूमिका' हा चित्रपट आला. त्या आत्मकथनांतून वाचकांनीं काय उचललें? कोण पुरुष केव्हां आला आणि केव्हां गेला. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'मधील त्यांचें काम महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलें. पण ती लय, तो ठसका, ती नजर त्यांनीं कशी कमाविली, हें विचारावयास कोणी थांबलें नाहीं. नटी बोलली, तर तिचें बोलणें आम्ही चघळतों. नटी गप्प राहिली, तर तिच्या वतीनें दैवास बोलावयास लावतों. दोन्ही वेळां तिचें काम तेवढें मुकें राहतें.

आतां ललिताबाईंच्या दंतकथेच्या मर्मावर येऊं. बाईंचा अभिनय त्या अधू डोळ्यांत होता, असें तिचें सार आहे. अभिनयकलेविषयीं ह्याहून उथळ विधान करणें कठीण आहे. डोळा अधू असलेलीं माणसें ह्या देशांत लाखांनीं आहेत. त्यांपैकीं किती जणांनीं आनंदीबाई उभी केली? पुरावाच पाहूं. १९४४ सालीं, अपघातानंतर दोनच वर्षांनीं, प्रभातच्या 'रामशास्त्री'मध्यें बाई आनंदीबाई झाल्या. १९५० सालीं शांतारामांच्या 'दहेज'मध्यें त्या हुंड्यापायीं सुनेचा छळ करणारी सासू झाल्या. येथपर्यंत दंतकथा सुखानें चालते. परंतु १९५२ च्या 'दाग'मध्यें दारूनें वायां चाललेल्या मुलाची आई तोच डोळा घेऊन उभी आहे, आणि तेथें त्या डोळ्यांत दुष्टपणाचा लवलेश नाहीं. १९५५ हें वर्ष तर ह्या वादाचा निकालच लावतें. त्या एकाच वर्षीं 'श्री ४२०'मध्यें बाई मुंबईच्या रस्त्यावर केळीं विकणारी गंगामाई आहेत, आणि 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्यें भाचीच्या संसाराच्या आड येणारी श्रीमंत सीतादेवी आहेत. गंगामाईच्या नजरेंत खिसा रिकामा असलेल्या परक्या पोराविषयीं माया आहे. सीतादेवीच्या नजरेंत हिशेब आहे. डोळा एकच, वर्ष एकच, बाई एकच. मग ही माया आणि हा हिशेब कोठून आला? थपडींतून खचित नव्हे.

पुढें १९५९ च्या 'अनाडी'मध्यें त्या मिसेस डिसा झाल्या: तोंडानें अखंड करवादणारी, भाड्यासाठीं खडसावणारी, आणि मनानें भाडेकरूची आई झालेली घरमालकीण. ह्या कामास फिल्मफेअरचें पारितोषिक मिळालें. १९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनेंहि त्यांचा गौरव केला. १९६२ च्या 'प्रोफेसर'मध्यें त्या कडक शिस्तीच्या पालक आहेत. म्हाताऱ्याचें सोंग घेतलेल्या तरुण शिक्षकावर ह्या प्रौढेचें मन जडतें; प्रेक्षक आधीं हंसतो, आणि मग आपण कोणाला हंसलों ह्याची त्याला लाज वाटूं लागते. १९७१ च्या 'आनंद'मध्यें त्या रुग्णालयाच्या मेट्रन आहेत, आणि मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या रोग्यापुढें त्यांचा दरारा हळूहळू कसा विरघळतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास आम्हीं अधिक सांगण्याची गरज नाहीं. आमच्या मतें बाईंच्या कलेचें मूळ १९४२ मध्यें नसून १९२८ मध्यें आहे. मूकपटानें त्यांना शब्दावांचून बोलावयास शिकविलें होतें. पुढें अर्धा चेहरा आज्ञेंत राहीना, तेव्हां त्याचें काम त्यांनीं मानेच्या झटक्यावर, पदर सांवरणाऱ्या हातावर, वाक्याच्या अलीकडे घेतलेल्या एका क्षणाच्या विसांव्यावर आणि आवाजाच्या चढउतारावर वांटून दिलें. व्यंगानें त्यांना कला दिली नाहीं. आधींच कमाविलेल्या कलेनें त्यांनीं व्यंगास कामास लावलें. ह्या दोन विधानांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्यांत बाई दैवाच्या हातचें बाहुलें आहे. दुसऱ्यांत ती कारागीर आहे.

येथवर आम्ही लेखकांविरुद्ध बोललों. आतां प्रेक्षकाविरुद्ध, म्हणजे आपणां सर्वांविरुद्ध, बोललें पाहिजे. बाईंच्या तीन भूमिका घ्याव्या. पहिली आनंदीबाई. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनीं चौकशी केली, दोष रघुनाथरावांवर ठेविला, आणि सत्ताधीशास तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलें. त्यासाठींच त्यांचें नांव महाराष्ट्र आजवर घेत आहे. पण लोकांच्या जिभेवर कोण राहिलें? 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई. न्यायाधीशानें पुरुषास दोषी ठरविलें. लोकांनीं अपिलांत शिक्षा बाईस दिली. दुसरी भूमिका 'दहेज'मधील सासू. तो चित्रपट हुंड्याविरुद्ध होता. परंतु हुंडा ही रूढि आहे, तिला चेहरा नाहीं. सासूला चेहरा होता, आणि तो ललिताबाईंचा होता. प्रेक्षकांचा संताप त्या चेहऱ्यावर खर्ची पडला, आणि रूढीपर्यंत पोहोंचावयास त्यांतला कांहीं उरला नाहीं. तिसरी भूमिका मंथरा. १९८७ सालीं रामानंद सागरांचें 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झालें, तेव्हां बाईंनीं सत्तरी ओलांडली होती. वर दिले राजानें, ते मागितले राणीनें, त्यावर राज्य सोडून वनांत गेला राजपुत्र. पण गांवोगांवचा राग कोणावर? एका कुबड्या दासीवर. घरांतलें, राज्यांतलें, इतिहासांतलें पाप ठेवावयास आम्हांला एक बाई लागते. ललिताबाईंनीं तें आपल्या चेहऱ्यावर आयुष्यभर वाहिलें. आणि त्या बदल्यांत आम्हीं त्यांच्या नांवाची शिवी केली.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारी माणसाकडून येईल. तो म्हणेल, प्रेक्षकांनीं खलनायिकेचा द्वेष करावा, हीच तिच्या अभिनयाची पावती नव्हे काय? मराठी माणूस तिचें नांव शिवीसारखें वापरतो, म्हणजे त्यानें तिला अमर केलें. हें बोलणें ऐकावयास गोड आहे, पण तें पुरुषांना लावून पाहावें. पडद्यावर क्रूर सावकार, लंपट जमीनदार, बायकोला मारणारे नवरे उत्तम रीतीनें वठविणारे नट थोडे झाले काय? गांवांतल्या सावकारास आम्ही कोणा नटाचें नांव देतों? बायकोला मारणाऱ्या नवऱ्यास? नाहीं. तेथें आम्हांला भूमिका आणि माणूस ह्यांतील भेद लख्ख समजतो. नटाचा दुष्टपणा ही त्याची कला ठरते. नटीचा दुष्टपणा हा तिचा स्वभाव ठरतो, आणि तेवढ्यानेंहि समाधान न झाल्यास तो तिच्या डोळ्यांतला दोष ठरतो. पावती ही एकाच दुकानांत एका गिऱ्हाइकास एक आणि दुसऱ्यास दुसरी मिळत असेल, तर तिला पावती म्हणत नाहींत.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. बाईंना काम मिळालें, पैसा मिळाला, कीर्ति मिळाली. त्यांच्या चित्रपटांची संख्या ७०० च्या घरांत सांगितली जाते. मग त्यांची कींव कशाला? आम्ही कींव करीत नाहीं. कींव हें कर्जबुडव्याचें नाणें आहे. देणें द्यावयाचें नसलें कीं लोक तें काढतात. आम्ही देणें मागत आहों. एवढ्या मोठ्या संख्येंतूनहि एकच प्रश्न निघतो: इतक्या चित्रपटांत ह्या बाईंसाठीं मिसेस डिसा किती लिहिल्या गेल्या, आणि तीच ती सासू किती वेळां? निर्मात्यांनीं एकदां चाललेलें नाणें झिजेपर्यंत चालविलें. गंगामाई आणि मिसेस डिसा डोळ्यांपुढें असतांना ज्यांना बाईंसाठीं दुसरें कांहीं सुचलें नाहीं, त्यांचें दारिद्र्य हें बाईंचें दैव म्हणून आमच्यापुढें मांडलें जातें. दैव म्हणजे पुष्कळदां दुसऱ्याच्या आळसाचें सोंवळें नांव असतें.

ह्यांत आमच्या तालुक्याचा आणि गांवाचा संबंध काय, असें विचाराल, तर तोच मुख्य आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला. तरीहि कालव्याच्या ह्या मुलखांत सोयरीक जमविण्याची बैठक बसते, तेव्हां तिथें काय चालतें, हें वाचकांस ठाऊक आहे. आंकडा मुलाचा बाप काढतो. मामा मध्यें पडून तो थोडा खालीं आणतो आणि त्या मोठेपणाचा फेटा बांधून घेतो. गांवचे प्रतिष्ठित लोक साक्षीला असतात. नवरामुलगा खालीं मान घालून बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला संस्कार म्हणतात. पुढें कांहीं वर्षांनीं त्या घरांतली सून माहेरीं परत येते किंवा परत येतच नाहीं. मग गांव एकमुखानें म्हणतें, 'सासू म्हणजे ललिता पवार होती हो.' सासू निर्दोष असते, असें आम्ही म्हणत नाहीं. ती पुष्कळदां छळाचें हत्यार असते, आणि कधीं कधीं हातहि. पण आंकडा काढणारा बाप, फेटा बांधून घेणारा मामा, साक्षीचे प्रतिष्ठित आणि मान खालीं घातलेला नवरा, ह्यांच्यापैकीं एकाहि पुरुषाला आम्हीं आजवर कोणा नटाचें नांव ठेविलेलें नाहीं.

ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुण्यांत वारल्या. त्यांच्यासाठीं पुतळा उभारावा किंवा रस्त्याला त्यांचें नांव द्यावें, अशी मागणी करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. पुतळ्यांना डोळे दगडाचे असतात, आणि आमचा वाद दृष्टीचा आहे. आमची मागणी अल्पखर्ची आहे. जो कोणी बाईंचें चरित्र लिहील त्यानें तें १९२८ पासून सुरू करावें, १९४२ पासून नव्हे. जो कोणी त्या थपडीची हकीकत सांगेल त्यानें तिला अपघात म्हणावें आणि दैवास त्यांतून मोकळें करावें. जो कोणी त्या डोळ्याविषयीं बोलेल त्यानें आधीं 'श्री ४२०' आणि 'मिस्टर अँड मिसेस ५५' हे दोन चित्रपट पाठोपाठ पाहावे आणि मग तोंड उघडावें. आणि एखाद्या घरच्या सासूला कोणी ललिता पवार म्हटलें, तर ऐकणाऱ्यानें माना डोलविण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: हुंडा किती ठरला होता, आणि त्या बैठकीला कोण कोण बसलें होतें?